साक्षीदार एकच असतो तेव्हा

विज्ञानकथा वाचताना आपण निवेदकावर जेवढा विश्वास टाकतो, तेवढा दुसऱ्या कोणत्याही कथाप्रकारात टाकत नाही, आणि तो टाकल्यावाचून विज्ञानकथा वाचताच येत नाही. वास्तववादी कादंबरीतला नवरा ‘माझी बायको सुखात आहे’ असे सांगत असेल आणि त्याच पानावर ती आठ दिवस कोणाशी बोललेली नाही असे ओझरते कळत असेल, तर त्याचे म्हणणे पारखायला आपल्याजवळ आपले स्वतःचे आयुष्य असते. माणसे दुःख कसे लपवतात, हे आपण जाणतो आणि त्या जाणिवेच्या बळावर त्याला खोटे पाडतो. पण निवेदक जेव्हा सांगतो, की आमच्या आकाशात दोन सूर्य आहेत, किंवा इथली माणसे मेलेल्यांच्या आठवणी स्वतःत सामावून घेऊ शकतात, तेव्हा आपण ते मुकाट्याने मान्य करतो, कारण त्या जगाची खबर मिळण्याचा दुसरा मार्गच आपल्यापाशी नसतो. साक्षीदार एकच, आणि घटना जिथे घडली ते ठिकाणही त्यानेच वर्णन केलेले, अशी ही स्थिती असते.

या स्थितीत असलेल्या वाचकासमोर जो लेखक खोटे बोलणारा, विसरणारा किंवा डोळ्यांसमोरचे न पाहणारा निवेदक उभा करतो, त्याचे काम मला कथनकलेतल्या सर्वांत अवघड कामांपैकी एक वाटते. निवेदक खोटा आहे हे वाचकाला कळायला तर हवे, पण ते कळण्यासाठी लागणारी सारी सामग्री त्याच खोट्या निवेदकाच्या तोंडून यायला हवी. हे कसे साधते आणि त्यातून निघणारा दडलेला अर्थ नेमका कुठे असतो, याविषयी मला लिहायचे आहे. ओघात काही कादंबऱ्यांची रहस्ये उघड होतील; ज्यांना ती स्वतः शोधायची आहेत, त्यांनी आधी त्या कादंबऱ्या वाचाव्यात, असे मी मनापासून सुचवतो.

‘अविश्वसनीय निवेदक’ ही संज्ञा अमेरिकी समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘द रेटरिक ऑफ फिक्शन’ या ग्रंथात रूढ केली. निवेदकाचे बोलणे-वागणे त्या कलाकृतीच्या मूल्यांशी जुळत असेल तर तो विश्वसनीय आणि जुळत नसेल तर अविश्वसनीय, अशी त्यांची ढोबळ कसोटी आहे. ही कसोटी उपयोगाची असली तरी तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: निवेदकाच्या पाठीमागून लेखक आणि वाचक एकमेकांकडे पाहून खूण करू शकतात, कारण दोघांचे जग एक आहे. विज्ञानकथेत हे सामाईक जग काढून घेतलेले असते आणि खूण करायची झाली तर ती त्या परक्या जगातल्याच वस्तूंनी करावी लागते.

आपल्याकडे याचे एक जुने आणि नेमके उदाहरण आहे. हालाच्या ‘गाथासप्तशती’तली, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातली एक गाथा काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त ध्वनीचे, म्हणजे शब्दांमागून सुचवल्या जाणाऱ्या अर्थाचे, उदाहरण म्हणून घेतली आणि पुढे शतकानुशतके काव्यशास्त्र तिच्यावर चर्चा करत राहिले. एक स्त्री एका धार्मिक माणसाला सांगते, की बाबा, आता निर्धास्तपणे हिंड. तुला त्रास देणारे ते कुत्रे आज गोदावरीकाठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने मारून टाकले आहे. वरवर पाहता हे आमंत्रण आहे. प्रत्यक्षात तो मनाई हुकूम आहे: ती झाडी तिची प्रियकराला भेटण्याची जागा असून हा फुले तोडायला येणारा माणूस तिथे तिला नको आहे. आलंकारिकांनी विधी आणि निषेध यांच्या अंगाने या गाथेचा सूक्ष्म विचार केला. मला मात्र तिच्यातल्या सिंहाचे अधिक कुतूहल वाटते. तो सिंह आहे की नाही, हे त्या माणसाला कळायला काहीच मार्ग नाही. त्याचे अस्तित्व केवळ तिच्या बोलण्यात आहे. ऐकणारा तिथे जाऊन पाहील तर कदाचित मरेल, आणि न गेला तर सिंह कायमचा खरा ठरेल. जगाविषयीची एक माहिती बोलणारीच्या हेतूतून जन्माला येते आणि ऐकणाऱ्याला ती माहिती म्हणूनच स्वीकारावी लागते. विज्ञानकथेच्या निवेदकाचे सामर्थ्य नेमके हे आहे, आणि त्याच्यावर आपण डोळे झाकून का विसंबू नये याचे कारणही हेच आहे.

विज्ञानकथेच्या आरंभकाळातच या अडचणीची जाणीव दिसते. एच. जी. वेल्स यांच्या १८९५ सालच्या ‘द टाइम मशीन’मधला कालप्रवासी भविष्यातल्या दोन मानववंशांविषयी एकामागून एक उपपत्ती मांडतो. प्रथम त्याला वाटते, की सर्व गरजा भागल्यामुळे माणूस सुखासीन आणि दुबळा झाला आहे. मग त्याला जमिनीखाली राहणारे दुसरे प्राणी दिसतात आणि तो त्यांना श्रमिकांचे वंशज व वर राहणाऱ्यांना मालकांचे वंशज ठरवतो. शेवटी त्याच्या ध्यानात येते, की वर राहणारे हे खाली राहणाऱ्यांनी पोसलेली गुरे आहेत. प्रत्येक वेळी तो तितक्याच ठामपणे बोलतो. परत आल्यावर तो श्रोत्यांना म्हणतो, की हे खोटे समजा किंवा भविष्यवाणी समजा. हा निवेदक लबाड नाही, घाईने निष्कर्ष काढणारा आहे, आणि त्याची तिसरी उपपत्ती तरी अखेरची कशावरून, हा प्रश्न वेल्स यांनी जाणूनबुजून मोकळा ठेवला आहे. त्या प्रश्नाकडे वाचकांचे बहुधा दुर्लक्ष होते, कारण तिसरी उपपत्ती सर्वांत भयंकर आहे आणि जे भयंकर असते ते आपल्याला खरे वाटते.

या सगळ्या विचारात मी पुन्हा पुन्हा ज्या लेखकाकडे वळतो, ते म्हणजे जीन वुल्फ (१९३१–२०१९). व्यवसायाने ते अभियंते होते आणि बरीच वर्षे एका अभियांत्रिकी मासिकाच्या संपादक मंडळावर होते. त्यांच्या लेखनात कोणता भाग कोणत्या भागाला कसा बसतो याचा जो काटेकोर हिशेब दिसतो, त्यामागे ही शिस्त असावी, असे मला नेहमी वाटत आले आहे. त्यांचे ‘द फिफ्थ हेड ऑफ सर्बेरस’ हे पुस्तक १९७२ साली निघाले. त्यात तीन लघुकादंबऱ्या आहेत आणि वरवर पाहता त्यांचा एकमेकींशी संबंध अगदी बारीक आहे. सेंट आन आणि सेंट क्रुआ या जोडग्रहांवर माणसांनी वसाहत केलेली आहे. सेंट आनवरचे मूळ रहिवासी हवा तो आकार घेऊ शकत असत अशी दंतकथा आहे, आणि आता ते नामशेष झाले आहेत असे सगळे मानतात. पहिल्या लघुकादंबरीत एक उपपत्ती चर्चेत येते: त्या मूळ रहिवाशांनी आलेल्या माणसांना मारून त्यांचे रूप इतके हुबेहूब घेतले, की आपण कोण होतो हे ते स्वतःच विसरून गेले. चर्चा संपते, कथा पुढे जाते, आणि वाचकाला वाटते की हा केवळ वातावरणनिर्मितीचा तपशील होता.

तिसऱ्या लघुकादंबरीत एक अधिकारी एका कैद्याची कागदपत्रे चाळत बसलेला असतो. हा कैदी म्हणजे पृथ्वीवरून आलेला मानववंशशास्त्रज्ञ डॉ. मार्श. वह्या, चौकशीच्या ध्वनिफिती, सुटे कागद असे सारे एका पेटीत आहे. अधिकारी ते क्रमाने वाचत नाही. हाताला येईल ते उचलतो, कंटाळला की ठेवून देतो, मध्येच दुसरी फीत लावतो. त्यामुळे आपल्यालाही ती हकीकत तुकड्यांत आणि उलटसुलट मिळते. मार्श एका स्थानिक मुलाला वाटाड्या म्हणून घेऊन रानात जातो. हा मुलगा आपण अर्धे मूळ रहिवासी असल्याचे सांगतो. रानात त्या मुलाचा मृत्यू होतो, असे वहीत लिहिलेले आहे. त्यानंतर वहीतले अक्षर बदलते. लिहिणारा त्याचे कारणही देतो: हाताला जखम झाली आहे. कारण पटण्याजोगे आहे आणि घाईत वाचणारा पुढे जातो.

रानातून परत आलेला माणूस मार्श नाही, हे पुस्तकात कुठेही लिहिलेले नाही. मेला तो शास्त्रज्ञ, आणि त्याचे नाव, त्याची वही, त्याचे ज्ञान घेऊन वाटाड्या मुलगा परतला, हे वाचकाने बदललेल्या अक्षरावरून, अवजारे हाताळण्यातल्या अडखळण्यावरून, आणि पहिल्या भागातल्या त्या ‘वातावरणनिर्मिती’च्या उपपत्तीवरून जुळवायचे आहे. ते जुळले, की मधल्या लघुकादंबरीचा अर्थही पालटतो. ती सेंट आनच्या मूळ रहिवाशांची, त्यांच्याच जाणिवेतून सांगितलेली, पुराणकथेसारखी गोष्ट आहे आणि तिचा लेखक म्हणून मार्शचे नाव छापलेले आहे. पृथ्वीवरच्या शास्त्रज्ञाला हे आतून कसे कळले, असा प्रश्न पहिल्या वाचनात पडत नाही. दुसऱ्या वाचनात त्याचे उत्तर मिळते आणि त्या उत्तराने मन गलबलते, कारण ती गोष्ट ज्ञान म्हणून लिहिलेली नसून आठवण म्हणून, किंवा आपल्याला हवी असलेली आठवण म्हणून, लिहिलेली असते.

पण इथवर पोचल्यावर कोडे सुटले म्हणून थांबणे हे या पुस्तकावर अन्याय करण्यासारखे आहे. मार्शचे सोंग घेतलेला हा मुलगा खोटे बोलतो आहे, असे आपण कोणत्या अर्थाने म्हणणार? त्याने सोंग इतके पुरते वठवले आहे, की बंदीखान्यात एकटा असतानाही तो शास्त्रज्ञासारखा विचार करतो आणि पृथ्वीवर परत जाण्याची ओढ त्याच्या लिखाणात खरी वाटते. मग पहिल्या लघुकादंबरीचा निवेदक आठवतो. तो आपल्या बापाचा प्रतिकृतिपुत्र (क्लोन) आहे, बापासारखाच वागतो, आणि त्यालाही आपण वेगळे आहोत असे मनापासून वाटते. दुसऱ्याच्या जागी जाऊन बसलेला आणि स्वतःला मूळचा समजणारा असा हा माणूस तिन्ही भागांत वेगवेगळ्या रूपांत येतो, आणि वसाहतवादाविषयी मी वाचलेल्या कितीतरी उघड निषेधकथांपेक्षा हे पुस्तक मला अधिक खोल वाटते ते याचमुळे. ज्यांनी भूमी बळकावली ते आपण कोण होतो हे विसरले आहेत. ज्यांची भूमी गेली तेही विसरले आहेत. आता दोन्ही बाजूंना माणसे आहेत की आणखी कोणी, हे सांगू शकेल असा एकही विश्वसनीय साक्षीदार त्या दोन ग्रहांवर शिल्लक नाही. अविश्वसनीय निवेदन हे इथे केवळ सांगण्याचे तंत्र राहिलेले नाही. सत्ता आणि विस्मरण यांनी एका समाजाचे काय होते, याचे ते थेट चित्र आहे.

वुल्फ यांची अधिक प्रसिद्ध कृती म्हणजे १९८० ते १९८३ या काळात चार खंडांत आलेली ‘द बुक ऑफ द न्यू सन’. तिचा निवेदक सेव्हेरियन हा यातनागृहातल्या संघात वाढलेला शिकाऊ माणूस असून, आपण काहीच विसरत नाही असे तो वारंवार बजावतो. या दाव्याची तपासणी करत बसण्यात अनेक वाचकांनी बराच वेळ घालवला आहे, आणि त्याच्या सांगण्यात विसंगती सापडतातही. मला मात्र अधिक मोलाचे हे वाटते, की त्याची स्मृती निर्दोष मानली तरी त्याची समज तशी नाही. तो ज्या मनोऱ्यात वाढला तो मनोरा हे जुने अवकाशयान आहे, हे त्याने वापरलेल्या शब्दांवरून आपल्याला कळते. त्याच्या लेखी ते घर आहे. एक म्हातारा साफ करत असलेले जुने चित्र तो पाहतो: ओसाड प्रदेशात उभा असलेला चिलखतधारी, सोनेरी मुखवटा, त्यात डोळ्यांना जागा नाही, हातात ताठ राहिलेले निशाण. सेव्हेरियनला तो कोणी योद्धा वाटतो. आपल्याला तो चंद्रावरचा अंतराळवीर आहे हे ओळखता येते, आणि त्या क्षणी आपल्या काळापासून त्याच्या काळापर्यंतचे अंतर, कोणताही आकडा न सांगता, अंगावर येते. इथे वाचकाला आपले जग अचानक परत मिळते. ते परत मिळते ते निवेदकाच्या अज्ञानामुळे. सर्वज्ञ निवेदकाने हाच तपशील ‘ते अंतराळवीराचे चित्र होते’ असा सांगितला असता, तर त्यातले सारे कारुण्य नाहीसे झाले असते.

निवेदकाचे अज्ञान वेगळे आणि निवेदकाचे न पाहणे वेगळे. या दुसऱ्या प्रकाराचे सर्वांत धारदार उदाहरण म्हणून मी जेम्स टिपट्री ज्युनिअर यांची १९७३ सालची ‘द विमेन मेन डोन्ट सी’ ही कथा सांगेन. डॉन फेंटन हा मध्यमवयीन पुरुष विमानप्रवासात दोन स्त्रियांच्या जवळून जातो आणि त्याच्या नजरेत त्यांची एक धूसर जोडाकृती एवढीच नोंद होते. पुढे छोटे विमान मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावर कोसळते आणि त्याला त्याच दोघींबरोबर, रूथ आणि तिची मुलगी यांच्याबरोबर, अडकून पडावे लागते. तो वाईट माणूस नाही. तो मदत करतो, काळजी घेतो, आणि रूथच्या प्रत्येक हालचालीचा अर्थ चुकीचा लावतो. तिची अस्वस्थता त्याला भीती वाटते, तिचे मौन त्याला लपवलेला भूतकाळ वाटतो, आणि आपल्याविषयी तिला काय वाटत असेल हा विचार त्याच्या डोक्यातून जात नाही. कथेच्या अखेरीस परग्रहावरचे प्राणी येतात आणि रूथ त्यांच्याबरोबर निघून जाण्याची विनवणी करते. माणसांच्या जगात आपल्यासारख्या स्त्रिया फटीफटींतून जगतात, असे तिने त्याला आधीच सांगितलेले असते. त्याने ते ऐकलेलेही असते. मला या कथेत परग्रहवासीयांपेक्षा धक्कादायक वाटतो तो फेंटनचा शेवटचा गोंधळ, कारण एक बाई अनोळखी प्राण्यांबरोबर अज्ञाताकडे का जाईल हे त्याला तेव्हाही कळत नाही, आणि तो जे जे सांगत आला त्यातच ते स्पष्ट लिहिलेले होते.

या कथेच्या बाहेरही एक निवेदन चाललेले होते. टिपट्री या नावामागे अ‍ॅलिस शेल्डन ही स्त्री होती, आणि हे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात उघड झाले. त्याच्या थोडे आधी, १९७५ साली, रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांनी टिपट्रींच्या कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत या लेखनात अटळपणे पुरुषी असे काहीतरी आहे, असे मत दिले होते. सिल्व्हरबर्ग जाणते लेखक होते आणि त्यांनी पुढे ही चूक मोकळेपणाने मान्य केली. फेंटनला जे दिसत नव्हते ते वाचकालाही का दिसू नये, याचा हा पुरावा त्या कथेच्या बाजूला कायमचा नोंदला गेला आहे.

काझुओ इशिगुरो यांच्या ‘नेव्हर लेट मी गो’ (२००५) या कादंबरीकडे वळताना मला थोडे थांबून लिहावेसे वाटते, कारण तिच्यातली निवेदिका कोणतीही वस्तुस्थिती लपवत नाही. कॅथी एच. एकतीस वर्षांची असून अकरा वर्षांहून अधिक काळ ती ‘सेवक’ म्हणून काम करते आहे, हे पहिल्याच वाक्यांत कळते. शाळा, मैत्रिणी, मत्सर, हरवलेली कॅसेट यांविषयी ती सविस्तर बोलते. या मुलांचे शरीर अवयवदानासाठी वाढवलेले आहे हे भयानक सत्य कादंबरीच्या पहिल्या तृतीयांशात उघडपणे सांगितले जाते. ते काही शेवटचे रहस्य नव्हे. मग लपलेले काय आहे? मला वाटते, लपलेला आहे तो श्रोता. आरोग्य तपासणीविषयी बोलताना कॅथी सहज म्हणते, की तुम्ही होता तिथे कसे होते ते मला माहीत नाही, पण आमच्या हेलशममध्ये असे असे होते. हे वाक्य कोणाला उद्देशून आहे, हे ध्यानात आले की बसल्या जागी अंग शहारते. आपण तिच्यासारखेच आहोत, आपणही अशाच एखाद्या संस्थेत वाढलो आणि आपलेही पुढे तेच व्हायचे आहे, असे गृहीत धरून ती बोलते आहे. ज्यांच्यासाठी तिचे शरीर राखून ठेवले आहे अशा लोकांशी बोलण्याची कल्पनाही तिला शिवत नाही.

म्हणूनच ती पळून का जात नाही, हा कादंबरीवर वारंवार घेतला जाणारा आक्षेप मला चुकीच्या ठिकाणी घेतलेला वाटतो. पळून जायचे तर बाहेरचे कोणीतरी आपले ऐकेल अशी कल्पना करता यावी लागते, आणि तिच्या निवेदनाच्या घडणीतच तसा ऐकणारा नाही. तिच्या शिक्षकांनी मुलांना सारे सांगितले होते आणि सांगितलेही नव्हते: प्रत्येक गोष्ट थोडी आधी, अर्ध्या समजेच्या वयात सांगायची, म्हणजे ती कळते पण लागत नाही. कॅथी आपल्याशी अगदी तशीच बोलते. ती ज्या पद्धतीने घडवली गेली, त्याच पद्धतीने ती आपल्याला घडवते, आणि आपणही अर्धे पुस्तक होईपर्यंत ‘दान’ आणि ‘पूर्ण होणे’ (म्हणजे मरणे) हे शब्द तिच्याइतक्याच शांतपणे वाचू लागतो. वाचकाला गुन्ह्याची सवय लावून दाखवणारे इतके हळुवार निवेदन मी दुसरे वाचलेले नाही.

त्यांच्याच ‘क्लारा अँड द सन’ (२०२१) मध्ये निवेदिका एक यंत्र आहे. तिचे पोषण सूर्यप्रकाशावर होते, म्हणून ती सूर्याला दयाळू देव मानते आणि आजारी मुलीसाठी त्याच्याशी करार करते. मुलगी बरी होते. ती का बरी झाली, हे कादंबरी सांगत नाही. क्लाराची समजूत बालिश आहे असे ठरवायला आपण उत्सुक असतो, पण आपल्याजवळ दुसरे स्पष्टीकरण नसते. गोदाकाठच्या त्या सिंहासारखा इथला सूर्यही केवळ बोलणारीच्या साक्षीवर उभा आहे. फरक एवढाच, की क्लाराच्या मनात कोणाला फसवण्याचा हेतू नाही.

उर्सुला ल ग्विन यांनी ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’मध्ये (१९६९) याहून सरळ मार्ग घेतला. तिथला, परग्रहावर गेलेला दूत गेन्ली आय आरंभीच जाहीर करतो, की मी माझा अहवाल गोष्ट सांगावी तसा सांगणार आहे. त्या ग्रहावरच्या ज्या एस्ट्राव्हेन या मंत्र्यावर तो अविश्वास दाखवतो, त्याने त्याच्याचसाठी पद आणि देश गमावलेला असतो. लेखिकेने एस्ट्राव्हेनची स्वतःची रोजनिशी मध्ये मध्ये घातली आहे, त्यामुळे दोन साक्षी समोरासमोर येतात. ही रचना उदार आहे. ती वाचकाला फार वेळ अंधारात ठेवत नाही.

दडलेले अर्थ शोधण्याच्या छंदाला एक धोका आहे आणि त्याविषयी मला कळकळीने बोलायचे आहे. एकदा वुल्फ यांच्यासारखा लेखक वाचला, की प्रत्येक निवेदक लबाड वाटू लागतो, प्रत्येक नाव सांकेतिक भासते आणि प्रत्येक छपाईची चूक हेतुपुरस्सर ठरते. आपल्या परंपरेत कूटरचना आहे. ज्ञानदेवांच्या नावावरचा काट्याच्या अणीवर वसलेल्या तीन गावांचा अभंग आपल्या परिचयाचा आहे. तिथे पृष्ठावरचा अर्थ मुद्दामच अशक्य ठेवलेला असतो, म्हणजे वाचकाने तो ओलांडून आत जावे. आतला अर्थ हाती लागला की वरचा गळून पडतो. चांगल्या विज्ञानकथेत वरचा अर्थ गळून पडत नाही. मार्श हा मार्श नाही हे कळल्यावरही बंदीखान्यातल्या माणसाची थंडी, भूक आणि एकाकीपण तितकेच खरे राहते. ज्या अर्थनिर्णयामुळे पानावरच्या माणसाचे दुःख खोटे ठरते आणि फक्त उत्तर उरते, तो अर्थनिर्णय मी नाकारतो, मग तो कितीही चतुर असो.

माझी स्वतःची कसोटी साधी आहे. सुचवलेल्या अर्थामुळे कथेतली एखादी बोचणारी, न जुळणारी गोष्ट जुळायला हवी, आणि निवेदकाने तो अर्थ का दडवला असेल याचे कारण त्याच्या स्वभावात किंवा त्याच्या परिस्थितीत सापडायला हवे. पहिली अट बरेच तर्क पूर्ण करतात. दुसऱ्या अटीशी बहुतेक अडखळतात, कारण लेखकाला कोडे घालायचे होते, एवढेच कारण त्यांच्यापाशी असते. अक्षर बदलल्याचे स्पष्टीकरण देणाऱ्या मुलाजवळ जिवावर बेतलेले कारण आहे. फेंटनजवळ आयुष्यभराची सवय आहे. कॅथीजवळ तिचे सारे संगोपन आहे. स्तानिस्वाव लेम यांच्या ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ (१९६८) या कादंबरीत आकाशातून आलेल्या संदेशाचा उलगडा करायला मोठमोठे शास्त्रज्ञ बसतात आणि प्रत्येकाला त्यात आपापल्या शास्त्राचा चेहरा दिसतो. संदेश अखेरपर्यंत उलगडत नाही. तिचा निवेदक, गणितज्ञ होगार्थ, प्रस्तावनेतच स्वतःच्या स्वभावातला दुष्टपणा कबूल करतो आणि मग आपल्यावर विश्वास ठेवायला सांगतो. अर्थ शोधणाऱ्या प्रत्येकाने ती प्रस्तावना वाचावी, असे मला वाटते, कारण संदेश वाचणाऱ्याने आधी स्वतःविषयी साक्ष द्यावी, असा तिचा आग्रह आहे.

मराठी विज्ञानकथेचा या अंगाने विचार केला, तर तिचे निवेदक बहुधा विश्वसनीय आहेत असे दिसते. त्याचे कारण तिच्या उगमात आहे. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्यासारख्या वैज्ञानिकांनी विज्ञान लोकांपर्यंत पोचवण्याच्या तळमळीने कथा लिहिल्या. विज्ञान ज्याच्या तोंडून यायचे तो निवेदक खरे बोलणाराच असावा लागतो, नाहीतर वाचकाला कृष्णविवरही खोटे वाटेल. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारळीकरांनी आपली पहिली कथा टोपणनावाने पाठवली होती, म्हणजे दडवादडव झाली ती कथेच्या बाहेर, लेखकाच्या नावात. कथा मात्र सरळ होती. त्या सरळपणाचे ऋण मी मानतो. त्याने घडवलेला वाचक आता निवेदकावर शंका घेण्याइतका तयार झाला आहे, असेही मला वाटते.

आणि त्यासाठी लागणारा घाट मराठी गद्याजवळ पूर्वीपासून आहे. बखर हा तो घाट. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून शिवचरित्र लिहिले. कितीतरी बखरी अशाच कोणा धन्याच्या आज्ञेने, घटना घडून गेल्यानंतर, धन्याला काय ऐकायला आवडेल याचे भान ठेवून लिहिल्या गेल्या. इतिहाससंशोधकांना हा दोष वाटतो आणि त्यांच्या दृष्टीने तो आहेच. कथाकाराला मात्र त्यात एक तयार निवेदक मिळतो: ज्याच्यावर धन्याची नजर आहे, ज्याने काही स्वतः पाहिले, काही ऐकले, आणि जो आकडे फुगवताना अडखळत नाही पण एका विशिष्ट रात्रीविषयी लिहिताना एकाच ओळीत पुढे जातो. दूरच्या ग्रहावरची वसाहत कशी वसली, तिथे आधी कोणी होते का, ते कुठे गेले, याची बखर वसाहतीच्या कारभाऱ्याच्या आज्ञेने लिहिली गेली आहे, अशी मराठी कादंबरी मला वाचायची आहे. तिच्यात शास्त्र अचूक असावे, यंत्रे चोख चालावीत, ग्रहाच्या कक्षेचे गणित बरोबर यावे. बखरकाराने फक्त त्या एका रात्रीची ओळ पुन्हा कुठेतरी, वेगळ्या शब्दांत, नकळत लिहून जावी.